पाचशेवाले काकाजी

पांढुर्ण्याच्या आमच्या आळीत कुणाचा घसा धरला की तो माणूस आधी डॉक्टरकडे जात नाही. औषधाच्या दुकानातही जात नाही. तो काकाजींच्या ओसरीवर येऊन टेकतो आणि उगाच संत्र्याच्या भावाची गोष्ट काढतो. काकाजी त्याला दोन वाक्यं बोलू देतात. तिसऱ्या वाक्याला आवाज चिरकतो, आणि काकाजी आत मान वळवून म्हणतात, "अवो, डबा आणजा!"

डबा पत्र्याचा, कुणाच्या तरी लग्नात सोनपापडीसकट आलेला. सोनपापडी गेली, डबा राहिला. आता त्यात गोळ्यांच्या पट्ट्या आहेत. अख्ख्या नाहीत, कात्रीनं कापलेले तुकडे. नागपूरहून येणारा भाचा, भोपाळची पुतणी, सौसरचा जावई, ज्याच्या घरी दुखणं होऊन गोळ्या उरल्या तो त्या इथे आणून देतो. कुठल्या तुकड्यावर औषधाचं नाव नाही, कुठल्यावर मुदतीची तारीख नाही. एकावर नुसतं 'सिलिन' एवढंच उरलं आहे. पण एक गोष्ट प्रत्येक तुकड्यावर शाबूत असते, ती म्हणजे ५०० हा आकडा. कापताना काकाजी तेवढी काळजी घेतात.

"नाव पाहून काय करता? पावर पाहा."

काकाजी माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. मध्य प्रदेश विद्युत मंडळात लाईनमन होते. उभा जन्म खांबावर गेला. घरात दोनशेतीस, चक्कीवर चारशेचाळीस, मोठ्या लाईनीत अकरा हजार. आकडा मोठा तर झटका मोठा, हे शास्त्र त्यांनी पुस्तकातून नव्हे, हातापायांनी शिकलेलं. निवृत्त झाल्यावर तेच त्यांनी औषधांना लावलं. अडीचशेची गोळी पोरासोरांची, पाचशेची कमावत्या माणसाची. तापाची गोळी साडेसहाशेची निघाली तेव्हा काकाजींच्या चेहऱ्यावर आठवडाभर समाधान होतं. आणि काकीजींना डॉक्टरांनी थायरॉईडसाठी पन्नासची गोळी दिली, तीही मायक्रोग्रॅमची, तेव्हा "फसवलं तुमाले" असं म्हणून त्यांनी डॉक्टरच बदलायला काढला होता.

प्रतिजैविकांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ. २०१६ साली केंद्र सरकारनं त्यासाठी मोहीमच काढली होती. काकाजींनी ती रेघ बरोबर ओळखली. "आमच्या खांबावर लाल पाटी राहते ना, खतऱ्याची, तसंच हाय हे. खतरा म्हंजे दमदार." तेव्हापासून बिनरेघेची गोळी डब्यात येत नाही.

असे काकाजी नरखेडला आहेत, काटोलला आहेत, वरुडला तर गल्लीगणिक असतील. पुण्या-मुंबईतही आहेत; तिथे डबा फ्रिजवर असतो आणि काकाजी इंग्रजीत बोलतात, एवढाच फरक.

या माणसाला हसणं सोपं आहे. पण त्याची श्रद्धा हवेतून आलेली नाही. काकाजी शाळकरी पोर असताना, म्हणजे १९६० च्या सुमाराला, त्यांच्या वडिलांच्या पायात वखराची पास लागली. पाय गुडघ्यापर्यंत सुजला, ताप डोक्यात गेला, घरच्यांनी आशा सोडली. मग नागपूरहून कुणीतरी 'पेन्सलीन' आणलं. सुया टोचल्या, आणि काही दिवसांत वडील उठून बसले, भाकर मागितली. त्याच्या थोडं आधी, १९५४ साली, पुण्याजवळ पिंपरीला सरकारनं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभारला होता आणि देशात पेनिसिलिन तयार व्हायला लागलं होतं. ज्या पोरानं बापाला मरणाच्या दारातून परत येताना पाहिलं, त्यानं त्या औषधाचा देव्हारा करावा, यात नवल नाही. माझी तक्रार देव्हाऱ्याची नाही. देव कशाला पावतो आणि कशाला पावत नाही, हे विचारायचं राहून गेलं, एवढीच आहे.

आणि ते विचारायला घरात मी सून म्हणून आले.

मी नागपूरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. लग्नानंतर काकाजींनी पहिल्यांदा विचारलं, "सूनबाई, तुमचा सब्जेक्ट कोनता?" मी भाबडेपणानं खरं सांगितलं, "जिवाणूंच्या भिंती, काकाजी." त्यातला 'जिवाणू' कुणाच्या कानावर पडला नाही. पुढे बरेच दिवस आळीत मी सिव्हिल इंजिनियर होते. एकानं घराचा नकाशा आणून दाखवला, दुसऱ्यानं विचारलं की कंपाउंडला चार इंची चालेल की नऊ इंचीच घेऊ.

गैरसमज निवळल्यावर काकाजींना माझ्यात रस वाटू लागला. ज्या गोळ्या ते वाटतात त्यांतल्या निम्म्या भिंतीवरच काम करतात, असं मी म्हणाले होते. एका दुपारी ओसरीवर त्यांनी मला बसवलं आणि म्हणाले, "सांगजा."

मी सांगितलं. जिवाणूच्या पेशीभोवती पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाची भिंत असते. दोन प्रकारच्या साखरा आलटून पालटून ओवलेल्या लांब माळा, आणि त्या माळांना आडवे बांधणारे अमिनो आम्लांचे छोटे दोरे. स्टेशनावर संत्री जाळीच्या पिशवीत मिळतात, तशी ही जाळी जिवाणूच्या अंगाभोवती असते, आणि सगळी मिळून एकच प्रचंड रेणू. ती कशाला लागते? तर आत दाब असतो म्हणून. काही जिवाणूंत हा दाब बाहेरच्या हवेच्या वीसपटींपर्यंत जातो. जाळी नसेल तर पाणी आत शिरून जीव फुटतो. जिवाणूला वाढायचं असेल, एकाचे दोन व्हायचं असेल, तर जाळी जागोजागी कापून नवे धागे घालावे लागतात. म्हणून त्याच्याकडे बांधणारे कारागीर असतात तसे कापणारेही असतात. हे कापणारे किती जरुरीचे आहेत, ते हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेत मंजुला रेड्डी यांनी दाखवून दिलं. आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूतले तीन कापणारे त्यांनी शोधले. तिन्ही काढून घेतले तर तो वाढूच शकत नाही, मरतो. या कामासाठी त्यांना २०१९ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. पेनिसिलिन काय करतं? दोऱ्याच्या टोकाला दोन ॲलानिन असतात, त्यांच्यासारखं सोंग घेऊन ते बांधणाऱ्या कारागिराच्या हातात जाऊन बसतं. तो अडकला की अडकलाच. कापणारे मात्र आपलं काम चालूच ठेवतात. कापणं चालू, बांधणं बंद. शेवटी जाळीला भगदाड पडतं आणि आतल्या दाबानं जिवाणू फुटतो.

काकाजींनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे ही गोळी कोनाले मारत नाई. निस्तं प्लास्टर होऊ देत नाई."

मी वर्गात पंचवीस मिनिटं घालवते आणि तरी पोरांच्या वह्यांत हे वाक्य सापडत नाही.

"अन् आपल्याले किती जाड भिंत हाय?"

"आपल्या पेशींना भिंतच नाही, काकाजी. नुसतं पातळ पटल. म्हणून तर हे औषध आपल्याला मारत नाही. कुणाला त्याची ॲलर्जी असते, ती गोष्ट वेगळी."

"अन् सर्दीवाल्याले?"

"सर्दी व्हायरसनं होते. त्यालाही भिंत नाही."

"मंग सर्दीत गोळी घेतली तं कोनाची भिंत पाडते?"

"सर्दीवाल्याची तर नाहीच."

काकाजींनी बराच विचार केला. मला वाटलं, जिंकले. मग ते म्हणाले, "पन आत जाऊन बसून तं नाई राहनार ना ते. काई ना काई पाडीलच!"

आणि हे खरं होतं. आतड्यात राहणारे कितीतरी निरुपद्रवी, उपयोगी जिवाणू भिंत बांधत असतातच. गोळी त्यांचीच पाडते, आणि सर्दीच्या माणसाला दुसऱ्या दिवशी लोटा घेऊन पळावं लागतं. काकाजींच्या लेखी तो औषध लागू पडल्याचा पुरावा असतो. "पाय, अंदरची सारी घाण निघाली!"

एकदा ते काही कामानं नागपूरला आले होते, तेव्हा मी त्यांना कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. काचपट्टीवर जिवाणू पसरून आधी जांभळा रंग द्यायचा, मग आयोडीन, मग अल्कोहोलनं धुवायचं, मग लाल रंग. हान्स क्रिस्टियन ग्राम या डॅनिश डॉक्टरनं १८८४ साली बर्लिनमध्ये ही युक्ती प्रसिद्ध केली, आणि आजही रोज सकाळी जगभरच्या लॅबमध्ये तीच चालते. ज्यांची भिंत जाड ते जांभळा रंग धरून ठेवतात. ज्यांची पातळ त्यांचा धुऊन जातो आणि ते शेवटच्या रंगानं गुलाबी दिसतात. काकाजींनी एक डोळा मिटून, तोंड उघडं ठेवून पाहिलं. गळवात पू करणारे जांभळे दाणे, द्राक्षाच्या घोसासारखे गोळा झालेले. आणि दुसऱ्या काचेवर आतड्यातल्या गुलाबी काड्या.

"जांभळे पहिलवान हायेत," त्यांनी निकाल दिला. "गुलाबी किरकोळ."

नेमकं उलटं होतं. गुलाबींची भिंत पातळ खरी, पण तिच्यावरून आणखी एक चरबीचं वेष्टन असतं, बारीक दारं असलेलं. पुष्कळ औषधं त्या वेष्टनातच अडकतात. शिवाय त्या वेष्टनातला एक भाग रक्तात मोकळा झाला तर ताप चढतो, रक्तदाब कोसळतो. आपल्याकडे ज्याला त्याला 'टायफाईड निघतो' आणि विडालचा रिपोर्ट हातात पडतो, त्या रिपोर्टात 'ओ' म्हणून जो रकाना असतो तो याच वेष्टनाच्या साखरेविरुद्धचा. जाड भिंतीवाले जांभळे मात्र साध्या पेनिसिलिनलाही पुष्कळदा बळी पडत आले. वडिलांच्या पायात बहुधा तेच होते.

काकाजी नाराज झाले. कमी जाडीचा माल जास्त टिकतो, हे त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीला धरून नव्हतं.

सौसरला त्यांचे व्याही आहेत. हे पंथानं सुईवाले. गोळीत दम नसतो, जे काय असतं ते इंजेक्शनात, आणि माणूस फारच थकला तर बाटली लावावी, असं त्यांचं मत. दोघं वर्षातून एकदा जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला जातात. तिथली मूर्ती पिंपळाखाली आडवी, निजलेली. एरवी मारुतीरायासमोर दोघं एक होतात, पण परत येताना वाटेत वाद ठरलेला. व्याही म्हणतात, गोळी पोटात जाऊन भाजीभाकरीत मिसळते. काकाजी म्हणतात, सुई टोचली की पैसे डॉक्टरच्या खिशात जाऊन मिसळतात. मला मध्ये घेऊन दोघं विचारतात, "तुमीच सांगा, सूनबाई." दोघांच्याही आजारांत बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते, हे सांगण्याइतकी मी अजून जुनी झालेली नाही.

एका वर्षी गोटमारीला मात्र व्याहींनी बाजी मारली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, वर झेंडा. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि मध्ये दगडांचा पाऊस. दरवर्षी माणसं शेकड्यानं जखमी होतात, जीवही गेलेले आहेत. प्रशासन दरवर्षी विनवण्या करतं, पोलीस लावतं, आणि दरवर्षी दगड उडतात. काकाजी त्या दिवशी आपल्या काठावरच्या पोरांना सकाळीच 'एडव्हान्स' देतात, माणशी एक पाचशे. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरही अशी एक मात्रा देतात हे त्यांना कुठून तरी कळलं आहे आणि ते खरंही आहे, त्यामुळे मला तोंड उघडता येत नाही. पण नदीकाठच्या दगडमातीत धनुर्वाताचे जिवाणू बीजाणू होऊन पडलेले असतात. बीजाणू झोपलेला. तो वाढत नाही, भिंत बांधत नाही. जो बांधतच नाही त्याचं बांधकाम पाचशेची गोळी काय थांबवणार? तिथे धनुर्वाताची लसच हवी, म्हणजे सुई. त्या वर्षी गोटमार बघायला आलेल्या व्याहींच्या कानावर हे माझ्या तोंडून गेलं, आणि सौसरपर्यंतच्या सगळ्या सोयऱ्यांना ते त्याच रात्री कळलं. काकाजी माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत.

पण खरा मार त्यांना घरातच बसला, आणि तोही दह्यानं.

काकाजींच्या गोठ्यात एक गाय आहे. महालक्ष्म्यांच्या तोंडावर तिला कासदाह झाला. एक सड टणक, दूध फाटल्यासारखं, हात लावू देईना. गुरांच्या डॉक्टरला बोलावण्याऐवजी काकाजींनी दुकानातून सडात सोडायची ट्यूब आणली आणि स्वतःच सोडली. गाय दोन दिवसांत सुधारली. हे सांगितलंच पाहिजे. गाय खरोखर बरी झाली. काकाजींची छाती गोठ्याबाहेर आली. ट्यूबच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की इतके दिवस या जनावराचं दूध वापरू नका. ते खोकं त्यांनी फाडून फेकून दिलं होतं, ५०० लिहिलेलं नव्हतं म्हणून.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला आंबील लागते, कढी लागते, म्हणजे दही घमेल्यानं लागतं. आदल्या रात्री काकीजींनी मोठ्या गंजात दूध तापवून, बोट घालून कोमट झाल्याची खात्री करून विरजण लावलं आणि गंज चुलीच्या उबेला ठेवला. शेजारच्या चार घरांनीही काकाजींकडूनच दूध नेलं होतं. पहाटे काकीजींनी झाकण काढलं. दूध जसंच्या तसं. गंज कलता केला तर साय वाहत आली. वास नाही, आंबटपणा नाही. घटकाभरात शेजारच्या घरांतूनही बाया आल्या, प्रत्येकीच्या हातात तसंच पातेलं. एकीनं सरळच विचारलं, "काकीजी, दुधात पावडर टाकली काय वं?" चाळीस वर्षांत काकीजींच्या विरजणावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्या रडकुंडीला आल्या. सोवळ्यानं, उपाशी, आणि घरी सोळा भाज्या निवडायच्या पडलेल्या.

मी गंजात डोकावले आणि विचारलं, "गाईला काय दिलं होतं?"

दही लावणारे जिवाणू जाड भिंतीचे, काचेखाली जांभळे दिसणारे. कोमट दुधात पडले की ते भराभर वाढू लागतात, आणि वाढायचं म्हणजे नवी भिंत बांधायची. दुधात पेनिसिलिनच्या जातीचं औषध अगदी थोडं उतरलं असलं तरी त्यांचं बांधकाम अडतं. गाईच्या सडातल्या रोगट जिवाणूंचं जे झालं तेच विरजणाचं झालं. औषधाला दोघांतला फरक कळत नाही. त्याला फक्त भिंत दिसते. डेअरीवाले हे फार जुन्या काळापासून जाणतात; औषध दिलेल्या गाईचं दूध टाकीत आलं तर अख्ख्या टाकीचं दही बिघडतं म्हणून ते दूध आधी तपासून घेतात.

काकीजींनी सगळं ऐकलं, पदरानं डोळे पुसले आणि ओसरीकडे तोंड करून म्हणाल्या, "म्हंजे तुमी इलाज केला गाईचा अन् मेलं माझं विरजण."

काकाजी म्हणाले, "पन गाय तं बरी झाली ना!"

त्या दिवशी दही विकत आणावं लागलं, तेही सावरगावातून. पांढुर्ण्याच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

एवढ्यानं माणूस सुधारला असता तर तो काकाजी कसला. त्यांनी डब्यातली मुदत गेलेली कॅप्सूल फेकायची नाही असं ठरवून बागेकडे मोर्चा वळवला. धुऱ्यावर कागदी लिंबाची झाडं आहेत, त्यांच्या पानाफळांवर खैऱ्या येतो. तो जिवाणूंचा रोग आहे, गुलाबी जातीच्या. पण संत्र्याच्या खोडाला डिंक्या होतो तो फायटोफ्थोरानं. तो जिवाणू नाही. त्यालाही भिंत आहे, पण ती सेल्युलोजची, म्हणजे मालच वेगळा. काकाजींनी बोर्डो पेस्टमध्ये वीसेक कॅप्सूल फोडून टाकल्या आणि ती पेस्ट खोडांना फासली. झाडं सुधारली, बोर्डो पेस्टनं सुधारतातच. श्रेय पाचशेला मिळालं.

एकदाच मी त्यांच्याशी आवाज चढवून बोलले. आळीतल्या एका तरुण मजुराला खोकला होता. काकाजींनी त्याला आधी एक पट्टी दिली, मग दुसरी, मग 'चेंज' म्हणून तिसरी. दोन महिने गेले. पोराचं वजन उतरलं तेव्हा त्याला सरकारी दवाखान्यात नेलं आणि बेडका तपासला: क्षय. क्षयाच्या जिवाणूची भिंत तर आणखीच निराळी, मेणचट. ग्रामचा रंग तिच्यावर नीट बसत नाही, वेगळी पद्धत लागते. काकाजींच्या पट्ट्या तिच्यापुढे निष्प्रभ. त्या मेणावर आणि त्याच्या खालच्या साखरेच्या थरावर काम करणारी खास औषधं आहेत, ती सरकार फुकट देतं आणि किमान सहा महिने नेमानं घ्यावी लागतात. पोरगा बरा झाला. पण त्या दोन महिन्यांत तो एका खोलीत बायको आणि दोन लेकरांसह झोपत होता. मी हे बोलले तेव्हा काकाजी गप्प बसले. संध्याकाळी त्यांनी त्या घरी अंडी आणि शेंगदाणे पाठवले, सहा महिने पाठवत राहिले, आणि कुणाला सांगितलं नाही. मला काकीजींनी सांगितलं.

दोष एकट्या काकाजींचा आहे असं मी म्हणणार नाही. ज्याची दिवसाची मजुरी डॉक्टरच्या फीत जाते तो डब्याकडेच येणार. चिठ्ठी न मागता गोळी देणारी दुकानं आहेत, आणि सर्दीलाही सव्वासहाशेची गोळी लिहिणारे पदवीधर आहेत. हो, सव्वासहाशे. ही गोळी बाजारात पाहिली तेव्हा काकाजींचा ऊर भरून आला होता. त्यातले पाचशे अमॉक्सिसिलिनचे. वरचे सव्वाशे क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचे. अमॉक्सिसिलिन तोडून टाकणारी कात्री काही जिवाणूंनी मिळवली आहे. ती कात्री अडवायला हे सव्वाशे. म्हणजे तो आकडा औषधाच्या जोराचा नाही, आपण जोर घालवून बसल्याचा आहे. काकाजींना मी हे समजावलं. ते म्हणाले, "म्हंजे सव्वाशे पावर ज्यादाच ना?"

मागच्या उन्हाळ्यात काकीजींना लघवीची जळजळ सुरू झाली. यावेळी मी डबा उघडू दिला नाही. नमुना लॅबमध्ये पाठवला. रिपोर्ट आला: ई. कोलाय. खाली औषधांची यादी, प्रत्येकापुढे एक अक्षर. काकाजींनी चष्मा लावून वाचलं आणि प्रसन्न झाले. डब्यातल्या जवळपास प्रत्येक गोळीपुढे 'आर' होता. "आर म्हंजे रामबाण," ते काकीजींना म्हणाले, "अन् एस म्हंजे साधी. आपल्या साऱ्या रामबाण हायेत." आर म्हणजे ते औषध चालत नाही, एस म्हणजे चालतं. मी सांगितलं. काकाजींनी यादीवरून बोट पुन्हा वरपासून खालपर्यंत फिरवलं. दोनच एस होते, आणि ती दोन्ही नावं डब्यात नव्हती. एवढा वेळ गप्प बसलेले काकाजी मी दुसऱ्यांदा पाहत होते.

काकीजी बऱ्या झाल्या, सात दिवसांची औषधं सातही दिवस घेऊन. एकही गोळी उरली नाही, म्हणून डब्यात काही जमा झालं नाही.

आता काकाजींची पद्धत बदलली आहे. घसा धरलेला माणूस ओसरीवर आला की ते आधी विचारतात, "नाक वाहून रायलं काय?" हो म्हटलं की सांगतात, "मंग व्हायरस हाय. त्याले भिंत नाई. मिठाच्या पान्यानं गुळण्या करजा, जा घरी." आळीतले लोक चकित होतात, डॉक्टरसुद्धा इतकं सरळ बोलत नाहीत. नाक वाहत नसेल तर मात्र ते मान डोलावतात, "हे भिंतवालं दिसते," आणि हात डब्याकडे जातो. म्हणजे निम्मे रुग्ण वाचले. उरलेल्या निम्म्यांसाठी मी अजून झटते आहे. व्याही सौसरहून फोन करून विचारतात की सुईनं भिंत लवकर पडते की गोळीनं.

पांढुर्ण्याला कधी याल तर काकाजींकडे जरूर या. अंबिया बहाराचे दिवस असतील तर संत्री बागेतून तोडून खायला मिळतील, काकीजींचं दही आता पुन्हा सुरीनं कापावं असं लागतं. फक्त येताना तुमच्या घरच्या उरलेल्या गोळ्या बरोबर आणू नका. काकाजी त्या ठेवून घेतात.